तार आणि विनव

नव्या गीतपुस्तकाचं प्रूफ आलंय माझ्याकडं,
जालन्याच्या छापखान्यातून, शाई अजून बोटाला लागते.
पान एकेचाळीस. फादर एलियासांच्या पेन्सिलीची रेघ
माझ्या आईच्या ओळीखाली:

अन्ना माय, तार गं, अडली लेक सोडव.

समासात त्यांचं बारीक, नीट अक्षर:
तारणारा एकच. इथे 'विनव' करावे.
शक्य असल्यास चाल सांभाळून.

फादरांचं काही चूक नाही.
बत्तीस वर्षं मीही पोरांना हेच शिकवलं,
संत मागतात, देव देतो.
पोरं घोकायची, मी पुढच्या धड्यावर जायची.

'विनव' लिहून बघते.
मात्रा भरतात, तीनाला तीन,
तरी ओळ लंगडते.
'ता'वर आई श्वास लांबवायची,
बाईनं कळ द्यावी तेवढा वेळ, कळ ओसरेस्तोवर.
'विनव'मध्ये लांबवायला जागाच नाही.

आई सुईण होती, अंबडकडच्या अकरा गावांची.
लिहिता येत नव्हतं तिला.
ही ओळ तिनं जुळवली कुणाच्या तरी दाराआड,
कंदील भडकलेला, बाळ आडवं,
बाहेर बैलगाडी जुंपून तयार आणि रस्ता नाही.

लोक म्हणायचे, सलोमीबाईनं सोडवलं.
ती म्हणायची, म्या कामून सोडवीन?
सोडवणारा सोडवतो. म्या निस्ता हात धरला.
पण खण घ्यायची. नारळ घ्यायची. पायलीभर ज्वारी
पदरात मोजून घ्यायची.
'हात धरल्याची,' म्हणायची.

आणि तारण म्हणजे, फादर,
पतसंस्थेत ठेवलेल्या तिच्या चांदीच्या पाटल्यासुद्धा,
माझ्या डी.एड.च्या फीपायी.
मॅनेजर म्हणाला, जामीनदार आणा.
हसीनाबी आली शेजारची, कपाळाला घाम,
निळा अंगठा उठवून गेली, चहासुद्धा न घेता.
कर्ज आईनंच फेडलं, पै न् पै.
हसीनाबीचा एक रुपया गेला नाही.
मग तिनं काय दिलं?
मला आजवर नीट सांगता आलेलं नाही.

घाटीच्या वॉर्डात, शेवटच्या रात्री,
मी जपमाळ धरली होती तिच्या बोटांत.
ती मणी सोडून भलतंच म्हणायला लागली:
कडूबाई, ये गं. पारूबाई, ये.
रहिमत, तुझं पोटुशीपण सरलं का? ये, हात धर.
गयाबाई. सटवा कोळ्याची सून, नाव आठवंना, तू बी ये.
सगळ्या तिनं मोकळ्या केलेल्या बाया,
निम्म्या तर केव्हाच मातीआड.
सिस्टर म्हणाली, भ्रम होतो असा.
मी काय करणार? प्रत्येक नावामागं
सवयीनं ओठांवर आलं तेच म्हणत गेले,
आमच्यासाठी विनंती कर. आमच्यासाठी विनंती कर.
हिंदू, मुसलमान, कोळ्याची सून, सगळ्यांना.
धर्मशिक्षिका मी. कुणी ऐकलं नाही,
का ऐकलं, ठाऊक नाही.
पहाटे चारला ती सुटली.
आमच्याकडं बाळंतीणही सुटते, मेलेलाही सुटतो,
शब्द एकच.

तर, पान एकेचाळीस.
एकच तारणारा, हे मी मानते. मरेस्तोवर मानीन.
पण एकट्यानंच तारायचं
अशी अट त्यानं घातल्याचं मला आठवत नाही.
हे समासात मावत नाही.
लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं,
लाल शाईनं कागद फाटायला आला.

रात्री दीडला नळ खोकला.
नऊ दिवसांनी. गल्लीत एकदम दिवे,
बादल्यांचा खणखणाट, आणि कुणीतरी ओरडलं,
उठा गं, शब्बीरनं पाणी सोडलं!

धरण कुठं, पैठणला. पाऊस कुणाचा, आभाळाचा.
शब्बीरचं म्हणाल तर एक चावी, हातभर लांब.
कुणीही त्याला दुरुस्त केलं नाही.

पेन उघडाच राहिला.
मी हंडा उचलला.